प्रतिष्ठाने आणि लोकशाही : बारामती-इंदापूरच्या निमित्ताने

लोकशाही मतपेटीतून जन्मते, हे विधान अर्धेच खरे आहे. मतदान करणारा नागरिक वाचू शकतो का, सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो का, त्याला पोटासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागते, यावर त्या मतपेटीचे मोल ठरते. नागरिक घडविण्याच्या या कामात सरकार आणि राजकीय पक्ष यांच्याखेरीज तिसरा घटक जगभर वावरत असतो. तो म्हणजे प्रतिष्ठाने, न्यास आणि विश्वस्त संस्था. वॉशिंग्टन, बर्लिन किंवा लंडन येथील बड्या प्रतिष्ठानांची चर्चा पुष्कळ होते. परंतु या संस्था लोकशाहीला काय देतात आणि तिच्याकडून काय घेतात, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. सहकारी साखर कारखाने, शिक्षण संस्था, कृषी प्रतिष्ठाने आणि निवडणुकीचे राजकारण यांची येथे इतकी घट्ट वीण आहे, की एक धागा ओढला तर दुसरा हलतो.

कालव्याचा आणि कोरडवाहू मुलूख

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि बारामती तालुक्याचे दोन भाग पडले. दक्षिणेकडे बागायत, उत्तरेकडे जिरायत. कालवा पुढे इंदापुरात शिरतो. तेथील शेपटाकडच्या गावांना पाणी पुरेसे मिळत नाही, ही तक्रार कालव्याइतकीच जुनी असावी. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात खासगी साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वर येथे सहकारी कारखाने आले. त्यामुळे ऊस उत्पादक केवळ माल घालणारा न राहता सभासद झाला, मतदार झाला. पुढे उजनी धरणाच्या जलाशयाने इंदापूरचा मोठा भूभाग पोटात घेतला. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की आजही डोके वर काढते.

या परिसरातील लोकशाहीचा इतिहास मात्र साखरेपूर्वीचा आहे. १९३८ मध्ये शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. स्त्रियांनी सार्वजनिक संस्थांच्या कारभारात भाग घेणे दुर्मीळ असलेला तो काळ. त्यांचे शिक्षण रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या सेवासदनात झाले होते. डिसेंबर १९४० मध्ये शरद पवार यांचा जन्म झाल्यावर अवघ्या काही दिवसांच्या बाळाला घेऊन त्या लोकल बोर्डाच्या बैठकीस गेल्याची आठवण प्रसिद्ध आहे. ती सहसा मातेच्या कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिच्यातील दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. देणग्यांवर चालणाऱ्या एका शिक्षण संस्थेने एका मुलीला अक्षरे दिली आणि तिने ती लोकनियुक्त सभागृहात वापरली. प्रतिष्ठानांनी लोकशाहीसाठी काय करावे, याचे इतके सरळ उत्तर नंतरच्या काळातील कोट्यवधींच्या योजनांतूनही फारसे मिळालेले नाही.

परदेशी पैशाची वाट

स्वतंत्र भारतात आलेल्या परदेशी प्रतिष्ठानांत फोर्ड प्रतिष्ठान अग्रणी होते. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्याचे कार्यालय १९५२ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाले. डग्लस एन्स्मिंगर यांनी जवळजवळ दोन दशके त्याची धुरा वाहिली. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी सामूहिक विकास योजनेला प्रारंभ झाला. तिच्या पथदर्शी प्रकल्पांना आणि ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणाला फोर्डने अर्थसाह्य दिले. गावाचा विकास गावकऱ्यांच्या सहभागातून व्हावा, ही तिची भूमिका होती. प्रत्यक्षात अधिकारी बोलत आणि गावकरी ऐकत, असे पुष्कळ ठिकाणी घडले. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने नेमके या दुखण्यावर बोट ठेवले. लोकांनी निवडलेल्या संस्थांच्या हाती सत्ता आणि पैसा दिल्याखेरीज सहभाग येणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

महाराष्ट्राने हा निष्कर्ष गांभीर्याने घेतला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. यशवंतराव चव्हाण त्या वेळी मुख्यमंत्री होते. बारामती आणि इंदापूरच्या पंचायत समित्या याच व्यवस्थेचा भाग होत. या घटनाक्रमात प्रतिष्ठानाचे स्थान गमतीचे आहे. त्याने ज्या योजनेला हातभार लावला, तिच्या यशापेक्षा तिच्या उणिवेतून पंचायत राज्य उभे राहिले.

बारामतीला परदेशी मदतीचा अधिक थेट अनुभव १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. ऑस्ट्रेलियातील ख्रिस्ती मिशनचे काम येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून होते. दुष्काळाच्या काळात ‘चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल अॅक्शन’ अर्थात ‘कासा’ या संस्थेमार्फत धान्य उपलब्ध झाले. ते फुकट वाटण्याऐवजी कामाचा मोबदला म्हणून देण्याची कल्पना पुढे आली आणि तांदुळवाडीसारख्या जिरायत गावांत पाझर तलावांची कामे झाली. १९६७ मध्ये पहिल्यांदा आमदार झालेले शरद पवार आणि त्यांचे वडीलबंधू आप्पासाहेब पवार यांचा या कामांशी निकटचा संबंध होता. याच अनुभवातून १९७१ मध्ये ‘अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. सिंचन, फळबागा, पशुपालन, पुढे कृषी विज्ञान केंद्र आणि मुलींचे शिक्षण असा तिचा विस्तार होत गेला. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. त्यापूर्वी, १९६२ मध्ये, अनेकांत एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय बारामतीत सुरू झाले होते. तेथे दाते व्यापारी समाजातील होते आणि विद्यार्थी बहुतांशी शेतकऱ्यांच्या घरचे. इंदापुरात शंकरराव बाजीराव पाटील यांच्या पुढाकाराने शिक्षण प्रसारक मंडळाचे जाळे विणले गेले.

ग्रामीण भागातील पहिल्या पिढीचा पदवीधर हे या संस्थांचे खरे उत्पादन होय. तोच पुढे सोसायटीचा सचिव झाला, सरपंच झाला, शिक्षक झाला. आणि कधी कधी ज्यांनी त्याला शिकविले त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या पॅनेलचा उमेदवारही झाला.

जगातील तीन नमुने

लोकशाहीचा प्रसार हेच उघड उद्दिष्ट असलेली प्रतिष्ठाने हा वेगळा प्रकार. त्यात जर्मनीचा नमुना सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट आहे. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानावर नाझींनी १९३३ मध्ये बंदी घातली. युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले. कोनराड आडेनाउअर, फ्रीडरिश नाउमान ही याच परंपरेतील नावे. प्रत्येक प्रतिष्ठान एकेका राजकीय पक्षाच्या विचाराशी बांधलेले, कायद्याने मात्र पक्षापासून स्वतंत्र, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून. पोर्तुगालमध्ये हुकूमशाही असताना मारिओ सोआरिश यांच्या समाजवादी पक्षाची स्थापना एप्रिल १९७३ मध्ये जर्मनीतील बाड म्युन्स्टरआयफेल या गावी, एबर्ट प्रतिष्ठानाच्या प्रशिक्षण केंद्रात झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये लिस्बनची राजवट कोसळली. क्रांती पोर्तुगीज सैनिकांनी केली, पण निवडणूक लढविण्यास तयार असलेला पक्ष त्या केंद्रातून आला होता.

अमेरिकेने १९८३ मध्ये ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी’ स्थापन केली ती काहीशी याच धर्तीवर. पैसा संसदेचा, कारभार बिगरसरकारी मंडळाचा. पोलंडमधील सॉलिडॅरिटी चळवळीला मिळालेले साह्य हे तिचे गाजलेले काम. ब्रिटनचे वेस्टमिन्स्टर प्रतिष्ठान १९९२ चे. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी २००५ मध्ये सुरू झाला, त्याच्या आरंभीच्या मोठ्या देणगीदारांत भारत होता. तिसरा नमुना एकट्या धनिकाचा. जॉर्ज सोरोस यांनी १९८४ पासून हंगेरीत काम सुरू केले आणि ग्रंथालये, विद्यापीठे यांना छायाप्रती काढण्याची यंत्रे पुरविली. जेथे कागदाच्या प्रतीवरही सत्तेची नजर असे, तेथे हे यंत्र वृत्तपत्राइतके प्रभावी ठरले. त्याच हंगेरीतून २०१८ मध्ये त्यांच्या प्रतिष्ठानाला आपले कार्यालय बर्लिनला हलवावे लागले.

या कामाला विरोध केवळ हुकूमशहांचाच असतो असे नाही. १९६६-६७ मध्ये ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेला अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा प्रतिष्ठानांच्या आडून मिळत असल्याचे उघड झाले. तिच्या भारतीय शाखेचे काम मुंबईतून चाले आणि तिच्याशी संबंधित अनेकांना या पैशाचा पत्ताही नव्हता. आशिया फाउंडेशनला १९६८ मध्ये भारतातील काम थांबवावे लागले. परकीय देणग्यांवर नियंत्रण आणणारा कायदा १९७६ मध्ये, आणीबाणीत, आला. त्यामुळे त्याच्या हेतूविषयी संशय कायम राहिला. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला. परकीय निधी एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गावपातळीवरील छोट्या संस्था बहुधा मोठ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या निधीवर चालत, त्यामुळे पहिल्या तरतुदीचा फटका त्यांना अधिक बसला. फोर्ड प्रतिष्ठानही २०१५ मध्ये सरकारच्या देखरेख यादीत गेले आणि पुढच्या वर्षी त्यातून सुटले. २०२५ मध्ये तर पुरवठाच आटला. अमेरिकेची ‘यूएसएड’ ही मदतसंस्था १ जुलै २०२५ रोजी परराष्ट्र खात्यात विलीन झाली आणि एन्डाउमेंटला आपल्या निधीसाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. दुसऱ्याच्या तिजोरीवर उभी राहिलेली लोकशाहीची शाळा किती अस्थिर असते, हे त्या वर्षात अनेक देशांतील संस्थांना कळून चुकले.

महाराष्ट्रात लोकशाहीच्या प्रशिक्षणाचे प्रयोग झाले ते मुख्यतः एतद्देशीय पुढाकाराने. मिनू मसानी यांच्या प्रेरणेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस लेस्ली साहनी यांच्या स्मरणार्थ ‘लोकशाहीसाठी प्रशिक्षण’ असे नावातच सांगणारा उपक्रम सुरू झाला आणि देवळाली येथे त्याचे केंद्र झाले. १९८२ मध्ये स्थापन झालेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. यशवंतराव चव्हाण यांच्या निधनानंतर १९८५ मध्ये मुंबईत त्यांच्या नावे प्रतिष्ठान उभे राहिले. तिन्हींचे वैचारिक वळण भिन्न आहे. जर्मन नमुन्याची आठवण व्हावी असे हे चित्र आहे, फरक इतकाच की येथे सरकारी तिजोरी नाही.

सभासद आणि विश्वस्त

बारामती-इंदापूरचा अनुभव खऱ्या अर्थाने उद्बोधक ठरतो तो संस्थेच्या घटनेच्या मुद्द्यावर. एकाच रस्त्यावर सहकारी साखर कारखाना आणि शिक्षण प्रतिष्ठान शेजारी शेजारी असतात. दोन्हींत नेते बहुधा तेच. पण कायद्याच्या दृष्टीने ही दोन निराळी जगे आहेत.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार सभासदाला एक मत. शेअर कितीही असोत, मत एकच. ठरावीक मुदतीने निवडणूक, वार्षिक सभा, अहवालाचे वाचन, विरोधी पॅनेल, आरोप-प्रत्यारोप, प्रसंगी सभेतील गोंधळ. हे सारे कटकटीचे वाटले तरी ती लोकशाहीच आहे. जून २०२५ मध्ये माळेगाव कारखान्याच्या निवडणुकीत त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेले अजित पवार स्वतः उमेदवार म्हणून उतरले. राज्याचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या मंत्र्याला एका कारखान्याच्या सभासदांपुढे मते मागावी लागतात, यावरून सहकारातील मताचे वजन लक्षात यावे.

प्रतिष्ठानाचे तसे नाही. ते संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) यांखाली नोंदले जाते. विश्वस्त कसे नेमावेत हे संस्थेची घटना ठरविते. ते तहहयात असू शकतात, रिक्त जागा उरलेल्या विश्वस्तांनी भरावी अशी तरतूद असू शकते. विद्यार्थी, पालक, शिक्षक, परिसरातील शेतकरी हे लाभार्थी असतात, मतदार नसतात. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात जातो आणि ‘परिशिष्ट एक’ वर नवी नावे चढतात. गावात त्याची चर्चा क्वचितच होते.

याला समर्थनही आहे आणि ते उथळ नाही. दर पाच वर्षांनी निवडणूक होणाऱ्या संस्थेला वीस वर्षांचा विचार करणे अवघड जाते. प्रयोगशाळा, ग्रंथालय, बीजोत्पादन, संशोधन यांना सातत्य लागते. निवडणुकीच्या राजकारणात सहकारी कारखान्यांवर कर्जांचा डोंगर कसा चढला, याची उदाहरणे महाराष्ट्राला पाठ आहेत. त्या तुलनेत अनेक प्रतिष्ठाने टिकली, वाढली. परंतु सातत्य आणि वारसा यांतील सीमारेषा पुसट असते. ज्याच्या संस्थेत मुलगा शिकतो, ज्याच्या कारखान्यात ऊस जातो, ज्याच्या बँकेचे कर्ज आहे, त्याच्याविरुद्ध मत देताना माणसाला धैर्य लागते. धाक कोणी प्रत्यक्ष घालावाच लागतो असे नाही, तो हवेत असतो. ही टीका बारामती-इंदापूरपुरती नाही. प्रवरा, वारणा, कराड, लातूर, जेथे जेथे सहकार आणि शिक्षण यांतून नेतृत्व घडले, तेथे ती ऐकू येते.

मतपेटीने मात्र या तर्काला वेळोवेळी धक्के दिले आहेत. बारामती लोकसभा मतदारसंघातून १९७७ मध्ये आणि १९८५ च्या पोटनिवडणुकीत जनता पक्षाचे संभाजीराव काकडे निवडून आले होते. इंदापूरचे उदाहरण आणखी ठळक आहे. शंकरराव पाटील यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५, १९९९ आणि २००४ मध्ये तेथून अपक्ष म्हणून आणि २००९ मध्ये काँग्रेसतर्फे विधानसभेवर गेले. कारखाने आणि शिक्षण संस्था यांचे जाळे पाठीशी होते. तरीही २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग तीन निवडणुकांत दत्तात्रय भरणे यांनी त्यांना पराभूत केले. २०२४ मध्ये बारामतीत एकाच कुटुंबातील दोन उमेदवार समोरासमोर आले. मे महिन्यातील लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा दीड लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत अजित पवार यांनी युगेंद्र पवार यांच्यावर एक लाखाहून अधिक मतांनी मात केली. लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरी मतदाराने दोन निवडणुकांत दोन वेगळे निर्णय घेतले, एवढे निश्चित. संस्थांचे जाळे मतदाराला बांधून ठेवते हे गृहीतक त्यापुढे टिकत नाही. अर्थात, सहा महिन्यांच्या अंतराने झालेल्या या दोन्ही लढतींत प्रमुख उमेदवार एकाच घरातील होते, हेही विसरता येत नाही.

पाझर तलाव आणि आवर्तन

प्रतिष्ठानाच्या कामाची मर्यादा पाण्याच्या प्रश्नावर सर्वांत स्पष्ट होते. पाझर तलाव बांधणे, ठिबक सिंचनाचे प्रात्यक्षिक दाखविणे, शेतकऱ्याला पाण्याचा ताळेबंद शिकविणे हे प्रतिष्ठान करू शकते, नव्हे बारामतीत ते झालेही. परंतु नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, शेपटाकडील इंदापूरच्या गावांना किती पाणी पोहोचणार, हे कालवा सल्लागार समिती आणि जलसंपदा खाते ठरविते. तो हक्काचा प्रश्न आहे आणि हक्क देणगीतून मिळत नाही. कामाच्या बदल्यात धान्य ही संस्थेची कृपा होती. काम मागण्याचा अधिकार महाराष्ट्राला मिळाला तो वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप घेतलेल्या रोजगार हमी योजनेमुळे. पहिल्यात मजूर लाभार्थी होता, दुसऱ्यात तो हक्कदार झाला.

७३ व्या घटनादुरुस्तीने हाच बदल गावाच्या कारभारात घडविला. १९९३ पासून ती अमलात आली, आणि महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील महिलांचे आरक्षण २०११ मध्ये ५० टक्क्यांवर गेले. १९३८ मध्ये लोकल बोर्डावर एकटी स्त्री जात होती, आज प्रत्येक ग्रामपंचायतीत निम्म्या जागांवर स्त्रिया बसतात. त्यांना अंदाजपत्रक वाचता यावे, ग्रामसभेचे इतिवृत्त आपल्या डोळ्यांदेखत लिहून घेता यावे, यासाठी प्रशिक्षणाची गरज संपलेली नाही. सरपंचपदाच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या पतिराजांना बाजूस सारण्याचे काम कोणताही शासन निर्णय पूर्णपणे करू शकलेला नाही.

हिशेब कोणाला?

विश्वस्त संस्था धर्मादाय मानली जाण्यासाठी तिने पक्षीय राजकारण करू नये, असा संकेत कायद्यात रुजला आहे. पण सीमारेषा पूर्वीपासूनच नाजूक आहे. गांधीजींनी १९२५ मध्ये स्थापन केलेल्या चरखा संघाचा काँग्रेसशी संबंध असूनही त्याचे उद्दिष्ट गरिबांना काम देण्याचे, म्हणजेच धर्मादाय आहे, असा निर्णय १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिला होता. संस्था कोणाची यापेक्षा ती काय करते हे पाहावे, असा त्याचा आशय. तो आजही लागू पडतो.

नागरिकाच्या हाती काही साधने आहेत. हिशेबांची वार्षिक तपासणी संस्थेवर बंधनकारक आहे, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास कलम ४१-ड खाली विश्वस्ताला दूर करता येते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. ज्या बिगरसरकारी संस्थांना शासनाकडून भरीव अर्थसाह्य मिळते, त्यांना तो लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालय न्यासाच्या प्रकरणात स्पष्ट केले. शिक्षकांचे वेतन सरकारी अनुदानातून देणाऱ्या शिक्षण संस्थांना त्यामुळे हात झटकणे कठीण झाले आहे. पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात कोणत्याही नोंदणीकृत न्यासाचे ‘परिशिष्ट एक’ रीतसर अर्ज करून पाहता येते. विश्वस्तांची नावे, पत्ते, मालमत्तेचा तपशील त्यात असतो. सहकारी कारखान्याच्या मतदार यादीसाठी तहसील कचेरीबाहेर गर्दी उसळते. या कागदासाठी मात्र अर्ज क्वचितच येतो.